होडी उलटेल, पण बुडू नये

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहानगी होती. पुढचे काही दिवस चर्चा वाऱ्याभोवती फिरली, लाइफ जॅकेटभोवती फिरली, पुलाच्या मागणीभोवती फिरली. हे सगळे खरेच होते. पण शोधपथकांना ती होडी पाण्याच्या तळाशी सापडली, आणि या तपशिलापाशी फारसे कोणी थांबले नाही. धरण तेव्हा मृतसाठ्याच्याही बरेच खाली गेले होते, तरी भीमेच्या जुन्या पात्रात होडी गिळण्याइतके पाणी होतेच. होडी उलटली ती वाऱ्याने. उलटल्यावर ती तळाला का गेली, हा प्रश्न मात्र वाऱ्याला विचारून भागत नाही. पालथी का होईना, ती वर राहिली असती तर पाण्यात पडलेल्यांच्या हाताला धरायला काही तरी लागले असते.

शिडाच्या छोट्या होड्यांच्या दुनियेत हा विचार बाराखडीइतका प्राथमिक आहे. जो वारा शिडाच्या होडीला पुढे नेतो तोच तिला आडवी करतो, म्हणून ती कधी ना कधी उलटणार हे धरूनच बांधली जाते. जगभरातली मुले ज्या होडीवर शीड हाकायला शिकतात ती ‘ऑप्टिमिस्ट’ फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली आखली. लांबी जेमतेम पावणेआठ फूट, आणि आत हवेच्या पिशव्या घट्ट बांधलेल्या. उलटली की ती पाण्याने भरते, पण बुडत नाही. मूल तिला सरळ करते, पाणी उपसते आणि पुन्हा निघते. अशा होड्या एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकल्या जात वर्षानुवर्षे चालतात. जुनी शिडाची होडी विकत घेणारा जाणता माणूस रंगाकडे नंतर पाहतो, आधी तिचे हवाबंद कप्पे तपासतो. उजनीवरच्या होड्या वल्ह्यांच्या आणि इंजिनाच्या असल्या तरी वारा त्यांनाही चुकत नाही. भरल्यावर तीनशेहून अधिक चौरस किलोमीटर पसरणारा हा फुगवटा. वळवाच्या ढगापुढे धावणारे वारे अडवायला ना डोंगर, ना झाडी. एप्रिल २०१७ च्या अखेरीस याच पाण्यात होडी उलटून चार डॉक्टर दगावले. दोन्ही घटना ऐन उन्हाळ्यातल्या आहेत, हा योगायोग मानायचे कारण नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: उजनीकाठच्या जुन्या होड्या मोडीत काढण्याची गरज नाही, पण पाण्याने भरल्यावर तरंगत नाही अशा एकाही होडीत माणूस बसवू नये. आणि हे तरंगणे म्हणजे होडीसोबत एकदाच मिळालेला गुण नव्हे, ते दरवर्षी राखावे लागते. पत्र्याची होडी बाहेरून गंजते त्याहून अधिक आतून गंजते, कारण फळ्यांखाली साचलेले पाणी कोणाला दिसत नाही. फायबरच्या होडीला इंजिनाच्या हादऱ्यांनी मागच्या बाजूला बारीक तडे जातात. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की होड्या खडी-मुरुमावरून ओढल्या जातात आणि तळ घासून पातळ होतो. फळीखाली कोंबलेला थर्माकोल वर्षानुवर्षे पाणी पीत राहतो, आणि मालक ज्याला आधार समजतो ते प्रत्यक्षात ओझे होऊन बसलेले असते. हा शेवटचा दोष सगळ्यांत फसवा, कारण होडी रोज नीट चालत असते. तो कळतो तो उलटण्याच्या दिवशीच.

यावरचा उपाय महागडा नाही. तीनशे किलोची पत्र्याची होडी पाण्याने पूर्ण भरली तर तिला वर धरायला साधारण दोनशे साठ किलोचा आधार लागतो. लोखंडाचे उरलेले वजन पाणीच पेलते. वीस लिटरचा झाकणबंद रिकामा कॅन स्वतःचे वजन वजा जाता एकोणीस किलोच्या आसपास उचलून धरतो. म्हणजे चौदा कॅन झाले. इंजिनासाठी आणि होडीला धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी पाच-सहा जोडावेत. ते दोन्ही कडांना वरच्या अंगाला सारखे वाटून पट्ट्यांनी आवळायचे. तळाशी ठेवले तर होडी पालथीच राहील, आणि नुसते दोरीने अडकवले तर गरज पडेल तेव्हा होडी एकीकडे नि कॅन दुसरीकडे जातील. तपासणीला तर इंजिनिअरही नको. होडी काठाजवळ छातीभर पाण्यात न्यायची, काठोकाठ भरायची, इंजिनाच्या वजनाची वाळूची पोती आत बांधायची आणि पाहायचे. तरंगली तर पास. गावासमोर झालेल्या या परीक्षेत कागदी फेरफार करता येत नाही, हा तिचा आणखी एक फायदा.

जुन्या होड्या सरळ बंद करून नव्या आणा, असे कोणी म्हणेल. सोलापूर जिल्ह्याच्या २८२ कोटी ७५ लाखांच्या पर्यटन आराखड्यात उजनीच्या जलपर्यटनाचा वाटा सर्वांत मोठा आहे, त्यामुळे नव्या चकचकीत बोटींचा मोह होणारच. पण केरळात थेक्कडीच्या तलावात ३० सप्टेंबर २००९ रोजी ४५ पर्यटकांचा बळी घेणारी बोट दीड महिन्यापूर्वीच पाण्यात उतरलेली, फायबरची, कोरी करकरीत होती. त्याच राज्यात मे २०२३ मध्ये तानूरला २२ जण बुडाले, ते मासेमारीच्या बोटीचे रूप पालटून केलेल्या पर्यटक बोटीत. एक बोट नवी, दुसरी जुनी. दोन्हींनी माणसे घेतली. वय पाहून होडीची पारख होत नाही, हे सांगायला आणखी पुरावा कशाला हवा? उलट जुन्या होडीचा मालक तिच्या खोडी ओळखून असतो: कुठे झिरपते, कोणत्या बाजूला झुकते, किती माणसांनंतर कड पाण्याला टेकते. नव्या बोटीच्या पगारी चालकाला हे कळायला दोन उन्हाळे जातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुर्घटना माणसांच्या वागण्याने होतात, जास्त माणसे आणि वर मोटारसायकली चढवल्याने होतात. मग कॅन बांधून काय साधणार? हे अंशतः मान्य करायला हवे. जादा भार घेतलेली होडी कॅन असूनही उलटेल. फरक एवढाच की उलटल्यावर ती नाहीशी होणार नाही. वागणे सुधारायला काही वर्षे लागतील, पट्ट्या आवळायला एक दुपार पुरते. आणि लाइफ जॅकेट हवेच, त्यात वाद नाही. पण मे महिन्याच्या उकाड्यात अंगातून उतरवलेले जॅकेट फळीखाली पडून राहते, तर होडीला बांधलेला कॅन कोणाच्या सोयीनुसार काढला जात नाही.

मग हे करून घ्यायचे कोणी? प्रवासी बोटींचा परवाना आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. समुद्राला जुंपलेल्या यंत्रणेने कुगाव, चिखलठाण, केत्तूर, शिरसोडी, कुंभारगाव असे धक्के वर्षातून एकदा तरी पायी पाहावेत, ही अपेक्षा वाजवी असली तरी तिच्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या नोंदीसाठी स्थानिक पातळीची वाट मोकळी ठेवली आहे. ती वापरून ग्रामपंचायतींनी वर सांगितलेली भरणचाचणी घ्यावी आणि पास झालेल्या होडीवर त्या वर्षाचा आकडा ठळक रंगवावा. चढणारा प्रवासी तो स्वतः वाचू शकेल. खर्चाचे म्हणाल तर सरकारी योजनांचा कल नेहमी नवी वस्तू देऊन फोटो काढण्याकडे असतो. पत्रा बदलणे, तडे भरणे, कॅन बांधणे यांचे उद्घाटन होत नाही. पर्यटन आराखड्याच्या एका कोपऱ्यातून हा पैसा सहज निघेल. तो मालकाच्या माथी मारू नये, याचे कारण दयाबुद्धी नाही. या गावांना होडीत बसवले ते धरणाने. त्यांचे जुने रस्ते आणि नदीचे उतार पाण्याखाली गेले तेव्हा होडी हाच त्यांचा रस्ता झाला, आणि रस्त्याची डागडुजी सरकारने करायची असते.

कुगाव-शिरसोडी पूल झाला की हा प्रश्नच उरणार नाही, असेही ऐकू येते. पुलाने प्रवासी कमी होतील आणि ते व्हायलाच हवेत. पण चिलापी माशांच्या जाळ्यासाठी पहाटे निघणारा मच्छीमार पुलावरून जाणार नाही. रोहित पक्षी पाहायला कुंभारगावात येणारी कुटुंबे त्याच मच्छीमारांच्या होड्यांत बसतील आणि पलीकडच्या मळ्यात मजुरीला जाणाऱ्या बायका सर्वांत जवळचाच धक्का गाठतील. पुलाचे काम चालेल तितकी वर्षे या होड्यांचे वयही वाढत राहील. भरणचाचणीचा मुहूर्त मात्र पावसाळ्यापूर्वीच्या नेहमीच्या कामांबरोबर जूनच्या तोंडावर धरून चालणार नाही. ती मार्चअखेर उरकायला हवी, कारण उजनीवर वळवाचा पहिला वारा एप्रिलात सुटतो.