बीगरु, मी आणि व्हिएतनाम

‘तुम्ही दोघी? आणि एकाच खोलीत? आठवडाभर?’ शेजारच्या वहिनींनी दळणाचा डबा कट्ट्यावर टेकवत विचारले. त्यांचे काही चुकले नव्हते. 2019 साली आमच्या मुलाचे लग्न झाले, तेव्हा कार्यालयाच्या दारावरच्या फलकावर मराठी वर की कन्नड वर, यावरून काय झाले ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. शेवटी दोन फलक लागले, दाराच्या दोन बाजूंना. पण मनात जे अडकले ते अडकूनच राहिले.

आमच्या विहीणबाई, म्हणजे त्यांच्या भाषेत बीगरु, धारवाडच्या. त्यांचे माहेर निपाणीकडचे, त्यामुळे मराठी उत्तम समजते. मला कन्नड येते. शाळेत शिकले, बाजारात वापरले. तरीही पाच वर्षे मी त्यांच्याशी मराठीतच बोलले आणि त्या माझ्याशी कन्नडमध्येच. सीमेवरच्या घरांत हे कसे चालते, ते वाचकहो, तुम्हाला वेगळे सांगायला नको.

मुलगा आणि सून बेंगळुरूला असतात. 2025 च्या जानेवारीत दोघांनी परस्पर बेत केला आणि मुलाने फोनवर जाहीर केले, ‘आई, तू आणि अत्ते व्हिएतनामला जाताय. ग्रुप टूर आहे, पैसे भरलेत.’ भरलेले पैसे वाया घालवायचे नाहीत, हा धर्म बेळगाव आणि धारवाड दोन्हीकडे सारखाच पाळला जातो. 11 मार्चला आम्ही सव्वीस जण हनोईला उतरलो. घड्याळ दीड तास पुढे केले. बीगरुंच्या बॅगेत कडक रोट्टी आणि शेंगा चटणी, माझ्या बॅगेत भडंग आणि कुंदा. एकमेकींना विचारलेही नव्हते.

आमची गाइड सत्तावीस वर्षांची हनोईची मुलगी, सातही दिवस आमच्याबरोबर होती. बसमध्ये तिने प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा तिने हसून खुलासा केला. व्हिएतनामी भाषेत रोजच्या बोलण्यात सर्वांना चालेल असा ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ नाहीच. समोरचा माणूस आपल्यापेक्षा लहान की मोठा, हे कळल्याशिवाय बोलायलाच येत नाही. मोठी बहीण ‘ची’, धाकटे भावंड ‘एम’, आजी ‘बा’. भाजीवालीशी बोलतानाही आधी नाते ठरवावे लागते. आम्ही दोघी तिच्या आईपेक्षा मोठ्या, म्हणून तिच्यासाठी आम्ही ‘बाक’ आणि ती आमची ‘चाउ’, म्हणजे भाची म्हणा की नात म्हणा. आपल्याकडेही रिक्षावाला मामा असतो आणि दुकानदार अण्णा; त्यामुळे आम्हाला हे चटकन पटले.

मग तिने सहज विचारले, ‘आणि तुम्ही दोघी एकमेकींना काय म्हणता?’

मी खिडकीबाहेर पाहिले. बीगरुंनी पदर सारखा केला. खरे उत्तर असे होते, की आम्ही एकमेकींना काहीच म्हणत नव्हतो. ‘अहो’, ‘ऐकलंत का’, नाहीतर मुलाला मध्ये घालून ‘तुझ्या अत्तेंना सांग’. पाच वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती.

पहिल्या दिवशी व्हान मिएउ पाहिले. हे 1070 साली बांधलेले कन्फ्यूशियसचे मंदिर, त्याला लागूनच त्या काळचे विद्यापीठ. अंगणात दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख उभे आहेत. 1442 ते 1779 या काळात झालेल्या राजदरबारच्या परीक्षांत जे उत्तीर्ण झाले, त्यांची नावे त्यांवर कोरलेली. आपल्या देवळात कासव गाभाऱ्याकडे तोंड करून असते, इथे ते विद्वानांना पाठीवर घेऊन उभे आहे. मी गाइडला म्हटले, एखादे नाव वाचून दाखव. ती म्हणाली, ‘बाक, मला वाचता येत नाही. ही चिनी अक्षरे आहेत. आम्ही आता रोमन लिपीत लिहितो.’ ती रोमन लिपी सतराव्या शतकात पाद्र्यांनी घडवली आणि पुढे फ्रेंच अमदानीत ती सगळीकडे रुळली. नातवंडांना पणजोबांचे नाव वाचता येईना, अशी गत झाली.

मागून आवाज आला, ‘आमच्या अज्जांचे कागदपण मोडीतच आहेत. पेटीत पडून आहेत. घरात कोणालाच वाचता येत नाहीत.’

बीगरु बोलल्या होत्या, आणि मराठीत. ‘आमच्याकडेही तसेच,’ एवढेच मी म्हणाले. धारवाडची पेटी आणि बेळगावची पेटी, दोन्हींत एकच लिपी कुलूपबंद पडलेली.

आता जेवणाचे. सकाळी रस्त्याच्या कडेला लहान प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून सगळे हनोई फो खाते. फो म्हणजे तांदळाच्या शेवया आणि हाडे तासन्‌तास उकळून काढलेला रस्सा, बहुधा गोमांसाचा, काही ठिकाणी कोंबडीचा. त्यावर जवळपास प्रत्येक पदार्थात नुओक माम, म्हणजे मासे आणि मीठ मुरवून काढलेला अर्क. मी सावंतवाडीकडची, माशाला नाही म्हणत नाही. बीगरु लिंगायत, शुद्ध शाकाहारी. पहिल्या रात्री त्यांनी नुसता भात आणि शेंगा चटणी खाल्ली. मी समोर बसून मासा खाल्ला आणि, खरे सांगते, तो घशाखाली नीट उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी गाइडने मंत्र दिला: ‘चाय’ म्हणा. त्यांच्या भाषेत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी आणि हनोईकडे चहाला म्हणतात ‘चा’. आमच्या गटातल्या एका काकांनी दमून भागून ‘चाय, चाय’ असा घोष केला, तेव्हा त्यांच्यापुढे टोफूची वाटी आली. बौद्ध चालीरीतीमुळे तिथे अनेक जण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ‘चाय’ खातात, जशी आपल्याकडे एकादशी. त्यासाठीची वेगळी खाणावळच असते आणि तिथे नुओक मामसुद्धा माशाविना करतात.

हा लाँगला दिवसभर जाऊन आलो. समुद्रात उभे राहिलेले चुनखडीचे शेकडो डोंगर मी वर्णन करून सांगण्यापेक्षा फोटोतच पाहावेत. जाताना बसमध्ये कोल्हापूरच्या एका दादांनी विचारले, व्हिएतनामने अमेरिकेशी लढताना शिवाजी महाराजांचा आदर्श ठेवला होता ना? आपल्या फोनवर फिरणारी ती गोष्ट गाइडच्या कानावर कधी आली नव्हती. तिने तिच्या चान हुंग दाओची गोष्ट सांगितली. 1288 साली त्या सेनापतीने बाख दांग नदीच्या तळाशी टोकदार खांब रोवले, भरतीला मंगोलांचे आरमार आत येऊ दिले आणि ओहोटी लागताच त्याला खांबांवर अडकवले. दादा खूश झाले. महाराजांच्या मोठेपणाला परदेशी दाखला लागत नाही; पण गनिमी काव्याची दाद द्यायला मात्र मराठी माणूसच हवा.

तिसऱ्या संध्याकाळी होई आनला पोचलो. हे जुने बंदर, जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांच्या घरांचे. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री तिथल्या जुन्या पेठेत विजेचे दिवे मालवतात आणि कागदी, रेशमी कंदील लावतात. त्या दिवशी 13 मार्च, आपली होळी. घरी पुरणपोळी झाली असेल, गल्लीत होळी पेटली असेल, असे मी मनात म्हणत होते, तोच शेजारून बीगरु म्हणाल्या, ‘इवत्तु होळगी माडिर्तार मन्याग.’ आज घरी होळगी केली असेल. पुरणपोळी काय, होळगी काय, दोघींच्या जिभेवर एकच चव आली. नदीत दिवे सोडणाऱ्या बायकांकडून आम्ही एकेक दिवा घेतला. तिचे यजमान 2016 साली गेले, माझे 2022 साली. कोणाच्या नावाने सोडला ते दोघींनी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सन. डोंगरांच्या कुशीत चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकांत उभारलेली विटांची देवळे. शिवाचे नाव तिथे भद्रेश्वर, शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत. 1969 साली अमेरिकेच्या बाँबफेकीत बरीच देवळे जमीनदोस्त झाली. गवत उगवलेले बाँबचे खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या मंडळींनी 2017 पासून पाच-सहा वर्षे इथे डागडुजी केली आणि ते काम चालू असताना 2020 च्या मेमध्ये नवव्या शतकातले एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग मातीतून वर आले. मी हात जोडले. बीगरुंनी जोडले नाहीत. गळ्यातले इष्टलिंग मुठीत धरून त्या बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. गाइडने खुणेने मला विचारले. मी तिला हळूच सांगितले, यांचा देव यांच्याबरोबरच फिरतो.

दुपारी स्वयंपाकाचा वर्ग. आधी चा के नावाच्या गावातले भाजीचे मळे पाहिले. तिथे नदीतले शेवाळ खत म्हणून वाफ्यात घालतात. मग बान्ह सेओ. तांदळाचे पीठ, हळद, नारळाचे दूध, कांद्याची पात. आपले घावनच की! ‘सेओ’ म्हणजे तव्यावरचा चर्र आवाज. आत मोड आलेले मूग, आमच्यासाठी कोळंबीऐवजी अळंबी, आणि खायचे ते हिरव्या पाल्यात गुंडाळून. बीगरु तव्यापाशी, मी मागे. कडा काळ्या पडायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघाले, ‘अय्यो, तिरुवि हाकरी!’ उलटा लवकर! त्यांनी उलटला, मग माझ्याकडे वळून पाहिले आणि हसू लागल्या. पाच वर्षांत माझे पहिले कन्नड वाक्य, तेही घावन करपू नये म्हणून. त्या दिवशी पंधरावी तिथी होती, सगळीकडे ‘चाय’. बीगरु पोटभर जेवल्या आणि मग मीही.

शेवटचा दिवस 17 मार्च, सोमवार. त्यांचा सोमवार, माझी संकष्टी. सायगावजवळच्या कु चीची भुयारे पाहायला गेलो. फ्रेंचांविरुद्ध खणायला सुरुवात झालेली आणि अमेरिकेशी युद्ध चालू असताना वाढत वाढत अडीचशे किलोमीटरपर्यंत गेलेली ही भुयारे. आम्ही काही आत रांगलो नाही. पण जमिनीखालची चूल नीट पाहिली. होआंग काम नावाच्या एका लष्करी आचाऱ्याने 1951 साली ती शोधली. धूर एकदम वर न सोडता चरांमधून वळवत, थंड करत लांब नेऊन जमिनीलगत सोडायचा, म्हणजे विमानातून दिसत नाही. ज्यांनी चुलीच्या धुरात डोळे लाल करून घेतलेत, त्यांनाच त्या आचाऱ्याची अक्कल कळेल.

बाहेर बाकावर बशा आल्या. उकडलेल्या कंदाचे तुकडे आणि बाजूला दाण्याचे कूट, मीठ. कंद टॅपिओकाचा, ज्यापासून आपला साबुदाणा होतो. भुयारातल्या माणसांचे हेच रोजचे अन्न होते. ‘उपवासाला चालतं की!’ मी आनंदाने म्हणाले. गाइड थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘माझी आजी याला हात लावत नाही. युद्धात खाल्ले, युद्धानंतरही कित्येक वर्षे तांदळात हेच मिसळून खाल्ले. आता पुरे, म्हणते.’

माझा हात बशीतच राहिला. आपण उपास करतो तो भरल्या घरात, संध्याकाळी सोडायच्या भरवशावर. बीगरुंनी एक तुकडा उचलला, कपाळाला लावला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. ‘तिन्रि,’ म्हणाल्या. खा. आम्ही खाल्ला. कूट आपल्या शेंगा चटणीसारखेच, फक्त तिखट कमी.

बसकडे परत जाताना पायऱ्या ओल्या होत्या. मागून त्यांनी माझा दंड धरला. ‘तंगी, सावकाश.’ त्या माझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठ्या. मी म्हटले, ‘हो, अक्का.’ हा शब्द मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. फलकावर तो कुठे लिहायचा, हा प्रश्नच नाही.

कोणी जाणार असाल तर थोडे कामाचे. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, तो तिथल्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा आणि नाव पासपोर्टवर आहे तसेच भरावे. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग, त्यामुळे नोटांवरची शून्ये मोजूनच पैसे द्यावेत. मार्चमध्ये हनोईला शाल लागते आणि सायगावला घाम येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनला पुराचे भय असते. शाकाहाऱ्यांनी ‘चाय’ हा शब्द पाठ करावा आणि चटणी सोबत ठेवावी.

तिथे ओळखीच्या माणसाला खुशाली विचारताना ‘अन कम चुआ?’ म्हणतात. म्हणजे, भात खाल्लास का? ‘अन’ म्हणजे खाणे. आपल्याला अन्न आठवते, पण तो निव्वळ योगायोग. आता रोज रात्री साडेआठला धारवाडहून फोन येतो. अक्का विचारतात, ‘जेवलीस का ग?’ आणि मी विचारते, ‘ऊटा आत्री?’