पाय कुणाचे?

सॅन डिएगोच्या बंदरावर पंचवीस फूट उंचीचा एक खलाशी पांढऱ्या गणवेशातल्या तरुणीला वाकवून तिचे चुंबन घेत उभा आहे. दुसरे महायुद्ध संपल्याचे ते गाजलेले छायाचित्र ज्याने पाहिले आहे, त्याला या शिल्पाची ओळख करून द्यावी लागत नाही. पण हे आल्फ्रेड आयझेनस्टाट यांच्या त्या छायाचित्रावरून घडवले का, असे विचारल्यावर शिल्पकार सिवर्ड जॉन्सन यांचे उत्तर ठरलेले असे : छे, व्हिक्टर जॉर्गेन्सन यांच्या.

हे जॉर्गेन्सन कोण? 14 ऑगस्ट 1945 ला जपानच्या शरणागतीची बातमी आली आणि न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर माणसांनी फुलला. त्या गर्दीत एकाच जोडीवर एकाच वेळी दोन कॅमेरे रोखले गेले. एक ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या आयझेनस्टाट यांचा, दुसरा नौदलाचे छायाचित्रकार जॉर्गेन्सन यांचा. जॉर्गेन्सन यांचे चित्र दुसऱ्याच दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये झळकले, ‘लाइफ’चे 27 ऑगस्टच्या अंकात आले. अजरामर झाले ते उशिरा आलेले.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रावर स्वामित्वहक्क निर्माणच होत नाही. त्यामुळे जॉर्गेन्सन यांचे चित्र जन्मापासून सगळ्यांचे. आयझेनस्टाट यांचे मात्र प्रसिद्धीपासून पंचाण्णव वर्षे, म्हणजे 2040 संपेपर्यंत, कुलपात. चुंबन तेच, क्षण तोच. फरक एवढाच, की एकाचा पगार सरकार देत होते आणि दुसऱ्याचा साप्ताहिक. घटनेवर कुणाची मालकी नसते, ती टिपण्याच्या कोनावर आणि चौकटीवर असते, हे कायद्याचे तत्त्व. जॉन्सन यांनी नेमकी हीच फट हेरली.

गंमत पुढेच आहे. जॉर्गेन्सन यांच्या चौकटीत त्या दोघांच्या पायांचा खालचा भाग आलेलाच नाही. शिल्पाला मात्र बुटांसकट पाय आहेत. ते आले कुठून? माणसाला पाय असायचेच, ते घडवायला कुणाची परवानगी कशाला, असे कुणी म्हणेल. आणि कोर्टात ते टिकेलही. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आधीपासून रुतलेले पाय आयझेनस्टाट यांच्या चित्रातले आहेत आणि बंदरावरची गर्दी त्याच ओळखीच्या बळावर जमते. नाव फुकटच्या चित्राचे, पुण्याई कुलपातल्या चित्राची!

आपल्याकडे सरकारी चित्रालाही अशी मोकळीक नाही. भारतीय कायद्यात सरकारी कृतीवर साठ वर्षे सरकारचा हक्क चालतो. 1971 च्या बांगलादेश युद्धात सरकारी छायाचित्रकाराने टिपलेले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले चित्र 2031 संपेपर्यंत सरकारच्या मालकीचे. पगार जनतेच्या करातून, युद्ध जनतेचे, आणि चित्र छापायचे तर जनतेनेच अर्ज करायचा. या एका बाबतीत अमेरिकेची नक्कल केली असती तर बिघडले नसते.

राहता राहिली चित्रातली माणसे. खलाशी आपणच आणि परिचारिका आपणच, असे सांगणारे पुढे बरेच निघाले. संशोधनाचा कौल मिळाला तो जॉर्ज मेंडोन्सा आणि ग्रेटा झिमर फ्रीडमन यांना. ग्रेटा परिचारिका नव्हतीच, दंतवैद्याकडे मदतनीस होती. त्या अनोळखी खलाशाने आपल्याला एकाएकी धरले, आपल्याला कुणी विचारले नव्हते, असे तिने म्हातारपणी सांगितले. मेंडोन्साची तक्रार वेगळीच. 1987 मध्ये ‘लाइफ’ने या चित्राच्या प्रती सोळाशे डॉलरला एक अशा विकायला काढल्या, तेव्हा माझे रूप मला न विचारता विकता कसे, म्हणून तो कोर्टात गेला. खटला काही काळ चालला, पण वकिलांचा खर्च झेपेना, म्हणून त्याने तो सोडून दिला.