विश्लेषण : कंपनीशिवाय ग्रीन कार्ड शक्य, पण भातकुलीच्या जन्मदाखल्याचे काय?

अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. कंपन्या हात आखडता घेणार म्हटल्यावर ‘एनआयडब्ल्यू’ हा पर्याय पुढे केला जातो. कंपनी नको, नोकरीचे पत्र नको, स्वतःच अर्ज करा, अशी त्याची जाहिरात होते. ती खोटी नाही, अर्धी आहे.

हे राष्ट्रहित कुणाचे?

एरवी ग्रीन कार्डसाठी कंपनी अर्ज करते. त्याआधी, त्या कामाला अमेरिकी माणूस मिळत नाही हे कामगार खात्याकडून प्रमाणित करून घेते. ईबी-२ गटात ही अट माफ करण्याची सोय १९९० च्या कायद्यात आहे. तिचे नाव नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे राष्ट्रहितासाठी सूट. अर्जदाराकडे पदव्युत्तर पदवी हवी किंवा चार वर्षांची बीई आणि त्यानंतर पाच वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव. अपवादात्मक प्रावीण्याचाही एक मार्ग आहे.

खरी परीक्षा पुढे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये धनसर नावाच्या एरोस्पेस संशोधकाच्या अपिलात तीन कसोट्या ठरल्या. कामाला गुणवत्ता आणि राष्ट्रीय महत्त्व हवे, ते पुढे नेण्याची अर्जदाराची तयारी दिसायला हवी आणि त्याला अट माफ करण्यात अमेरिकेचा फायदा हवा.

भातकुली, दर्यापूर हा खारपाणपट्टा. समजा, इथल्या शेतकऱ्याच्या मुलीने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकी केली आणि अमेरिकेत क्षारपड जमिनीच्या सिंचनावर पीएचडी केली. ‘माझ्या गावचे पाणी खारे’ हा तिच्या अर्जातला मुद्दा होत नाही. पूर्णेचे खोरे अमेरिकेच्या राष्ट्रहितात बसत नाही. पण कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातही क्षारांनी जमिनी बिघडल्या आहेत. तिची पद्धत तिथे, आणि एखाद-दुसऱ्या शेतापलीकडे, उपयोगी ठरेल हे कागदावर दिसले तर अर्जात जीव येतो. शोधनिबंध, पेटंट, संशोधन अनुदान, तज्ज्ञांची पत्रे हा त्याचा पुरावा.

एका कंपनीचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या हुशार अभियंत्याची अडचण इथेच होते. ‘एआय महत्त्वाचे आहे’ हे सगळ्यांनाच मान्य आहे. त्याचे नेमके काम देशासाठी महत्त्वाचे कसे, हा प्रश्न उरतो. जानेवारी २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही छाननी आणखी काटेकोर केली. पदवीचा प्रस्तावित कामाशी संबंधही आता तपासला जातो.

(त्याच सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या ‘गोल्ड कार्ड’मध्ये मात्र दहा लाख डॉलरची देणगी हाच राष्ट्रहिताचा पुरावा धरला जातो. क्षारावर दहा वर्षे घालवणाऱ्यांनी हसावे की रडावे!)

मंजुरी मिळाली, मग अडते कुठे?

रांगेत. सूट मिळते ती नोकरीच्या अटीतून, देशनिहाय मर्यादेतून नाही. नोकरीवर आधारित व्हिसा वर्षाला साधारण १,४०,०००. त्यातले ईबी-२ चे सुमारे ४०,०००. आणि एका देशाचा वाटा साधारण सात टक्के. म्हणजे भारताच्या वाट्याला या गटात तीन हजारांहूनही कमी, आणि त्यात जोडीदार व मुलेही मोजली जातात. २०२५ मध्ये या गटात भारतीयांचा क्रमांक २०१२-१३ च्या अर्जांवरच घुटमळत होता.

देश ठरतो तो जन्मस्थानावरून. भातकुलीत जन्मलेली व्यक्ती उद्या कॅनडाची नागरिक झाली तरी रांग भारताचीच. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर मात्र त्याच्या देशाच्या रांगेत उभे राहता येते.

तरीही अर्ज वाया जात नाही. मंजुरीनंतर अर्जाची तारीख आपल्या नावावर राहते. पुढे नोकरी बदलली, दुसऱ्या कंपनीने अर्ज केला, तरी ती तारीख बहुधा वापरता येते. एच-वन-बीवर असलेल्यांना सहा वर्षांपुढे मुदतवाढीचा आधार मिळतो. पण भारतात बसून अर्ज केलेल्याला नुसत्या मंजुरीने ना व्हिसा मिळतो, ना काम करण्याचा परवाना.

खर्च किती?

एप्रिल २०२४ च्या दरांनुसार सरकारी शुल्क ७१५ डॉलर आणि स्वतः अर्ज करणाऱ्यांना आणखी ३०० डॉलर. वकिलाची फी वेगळी, आणि ती बहुतेकदा याच्या कितीतरी पट. पैसे भरण्याआधी सल्लागाराला मुलांच्या वयाबद्दल जरूर विचारावे. रांग सरकेपर्यंत मूल २१ वर्षांचे झाले, तर ते आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकते. अर्ज निर्णयासाठी प्रलंबित राहिला तेवढे दिवस वयातून वजा होतात. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे होत नाहीत.