सरासरी कोणाच्या पक्षाची?

‘आकडे निःपक्षपाती असतात’, असे शेतकऱ्यांना सरकारी कचेऱ्यांतून वरचेवर ऐकवले जाते. उभे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसाला हे विधान मान्य करता येत नाही. आकडे मुके असतात. कोणत्या वर्षापासून मोजायचे हे ज्याच्या हाती, त्याचीच भाषा ते बोलतात.

बुलढाणा जिल्ह्यातील सोयाबीनचा दाखला घ्या. पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळाच्या मागील ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणतात. आपल्या राज्यात हा स्तर ७० टक्के आहे. येणारा आकडा म्हणजे ‘उंबरठा उत्पन्न’. पीक कापणी प्रयोगांतून निघालेले मंडळाचे उत्पन्न त्याखाली गेले, तरच भरपाई. २०२५ च्या खरिपात राज्य सरकारने स्थानिक आपत्तीसारख्या इतर जोखमी वगळल्या आणि सारी भिस्त या एका आकड्यावर येऊन पडली.

कालश्रेणीच्या अभ्यासाचा पहिलाच धडा असा की, मालिकेला घसरणीचा कल असेल तर तिची सरकती सरासरी स्थिर कसोटी होऊ शकत नाही. घसरणीमागोमाग तीही खाली उतरते. समजा, एखाद्या मंडळात हेक्टरी उत्पन्न अनुक्रमे १४, १३, १४, १२, १३, ८ आणि ७ क्विंटल आले. चांगल्या पाच वर्षांची सरासरी १३.२, उंबरठा ९.२४. पुढील तीन वर्षे ९, ८, ९ अशी गेली, की सरासरी १०.२ वर येते आणि उंबरठा ७.१४ वर. म्हणजे आरंभी ८ क्विंटल पिकल्यास जो शेतकरी भरपाईस पात्र होता, तोच तीन वर्षांनी तेवढ्याच पिकावर अपात्र ठरतो! त्याचे दारिद्र्य आता ‘सामान्य’ झाले.

वाईट दोन वर्षे वगळतो, असे समर्थन केले जाते. दुष्काळ दोनच वर्षांचा असेल तर ते खरे. सातांत पाच वर्षे बुडाली तर काय?

हवामानशास्त्रातही पाया सरकतो. भारतीय हवामान विभागाने २०२२ मध्ये १९७१–२०२० हा नवा पायाकाल धरला, तेव्हा देशाचा सामान्य मोसमी पाऊस ८८०.६ वरून ८६८.६ मिलिमीटरवर आला. शास्त्रज्ञांचा हेतू शुद्ध आहे आणि त्यांचा पायाकाल ५० वर्षांचा आहे. शेतकऱ्याचे भवितव्य मात्र ७ वर्षांवर तोलले जाते.

आमचे भांडण संख्याशास्त्राशी नाही. पीक कापणीची नमुना पद्धत या देशात रुजवण्यात पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. क्षेत्र हा घटक धरून पीक विम्याची मांडणी वि. म. दांडेकरांनी १९७६ साली केली. त्या शास्त्राचा उपयोग विमा कंपन्यांची देणी कमी करण्यासाठी व्हावा, याला आमचा विरोध आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत तीन मागण्या मांडाव्यात. मंडळाची सातही वर्षांची आकडेवारी चावडीवर लावा. घसरत्या मंडळांत उंबरठा पूर्वीच्या पातळीखाली जाऊ देऊ नका. योजनेतच तरतूद असलेला ९० टक्के जोखीमस्तर कोरडवाहू पिकांना लागू करा. सरासरीचा हिशेब ज्या दिवशी शेतकरी स्वतः मांडू लागेल, त्या दिवशी कचेरीतील निःपक्षपातीपणाचा बुरखा गळून पडेल.