आई-बाबांना माफ करणारे आपण कोण?

‘बधाई हो’ मला मनापासून आवडतो. चार वेळा पाहिलाय आणि पाचव्यांदा कुणी लावला तरी उठून जाणार नाही. तरीही माझं ठाम मत आहे की या सिनेमाने आपल्या पिढीला फार स्वस्तात सोडलं.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. २०१८चा अमित शर्मांचा सिनेमा. दिल्लीत राहणारे जितेंदर कौशिक रेल्वेत टीसी, फावल्या वेळात कविता करणारे. पत्नी प्रियंवदा, नोकरीला लागलेला नकुल, शाळकरी गुल्लर आणि सतत कुरकुरणारी आजी. एका पावसाळी रात्री जितेंदर आपली छापून आलेली कविता बायकोला वाचून दाखवतात आणि पुढे कळतं की प्रियंवदाला दिवस गेलेत. मग घरात भूकंप. मुलांना तोंड लपवावंसं वाटतं, मेरठच्या लग्नात नातेवाईक टोमणे मारतात आणि जिच्याकडून कुणाला अपेक्षा नसते ती आजीच सुनेची बाजू घेऊन सगळ्यांना झापते.

सुरेखा सिक्रींचा तो प्रसंग अजोड आहे, यावर वाद नाही. माझा वाद नकुलशी आहे.

सिनेमा प्रियंवदा आणि जितेंदरच्या लग्नाचा. पण त्याला कणा दिलाय नकुलच्या लाजेचा. त्याला लाज वाटते, त्याचं प्रेयसीशी बिनसतं, त्याला उपरती होते, तो आईच्या जवळ येतो आणि आपले डोळे भरून येतात. पोस्टरवरचा स्टार तोच. गजराज राव यांना फिल्मफेअर मिळालं तेही सहायक अभिनेत्याचं! ज्याच्या संसाराची गोष्ट आहे, तो स्वतःच्याच गोष्टीत सहायक. आपल्या घरांमध्ये आई-बाबांचं जे होतं तेच.

एक गंमत बघा. २०१७मध्ये नीना गुप्तांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे आणि चांगल्या भूमिका शोधतेय. पन्नाशी ओलांडलेल्या इतक्या ताकदीच्या बाईला काम मागावं लागलं, कारण त्या वयाच्या बाईला गोष्ट असते हेच आपल्या सिनेमाला मान्य नव्हतं. पुढच्या वर्षी ‘बधाई हो’ आला. पण त्यातही प्रियंवदाला स्वतःसाठी काय हवंय, यापेक्षा मुलांना काय वाटेल याचीच चर्चा जास्त.

याउलट २०१२चा जड अपाटोचा ‘धिस इज फोर्टी’ घ्या. पीट आणि डेबी एकाच आठवड्यात चाळीस वर्षांचे होणार आहेत. त्याचा रेकॉर्ड कंपनीचा धंदा बुडतोय, घर विकायची वेळ आलीय, तो बापाला गुपचूप पैसे देतो आणि दोन मिनिटं शांतता मिळावी म्हणून आयपॅड घेऊन संडासात दडी मारतो. सिनेमा लांबलाय आणि त्यातल्या अडचणी खात्यापित्या घरातल्या आहेत, हे कबूल. पण तिथे मुली कडेला आहेत. या दोघांचं अजून जमतंय का, हा प्रश्न त्या दोघांचाच आहे. त्याचं उत्तर मुलींच्या परवानगीसाठी थांबत नाही.

आपल्याकडे ते थांबतं. ‘बधाई हो’ बघून बाहेर पडताना आपल्याला वाटतं, आपण किती मोकळ्या मनाचे! आपण आई-बाबांना स्वीकारलं! पण स्वीकारायचा अधिकार आपल्याला दिला कुणी? लग्न त्यांचं, खोली त्यांची, पाऊसही त्यांचाच. नकुलने माफी मागितली ते बरंच झालं. पण आपण थिएटरमध्ये बसून त्याच्याबरोबर स्वतःलाच शाबासकी देऊन घेतली.

आता थोडं कडू बोलतो.

२००३चा ‘बागबान’ आठवा. मुलं आई-बापाला वाटून घेतात. एक या मुलाकडे, एक त्या मुलाकडे आणि सहा महिन्यांनी अदलाबदल. आपल्या घरी टीव्हीवर तो लागला की त्या मुलांना शिव्या घालत सगळे रडायचे. आज माझ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काय ऐकू येतं? “बाळ झालंय ना, आईला बोलावून घेतलंय. बाबा गावीच आहेत, त्यांना इथे करमत नाही.” बाबा तिकडे डबा लावून जेवतात आणि रात्री नऊला व्हिडिओ कॉल करतात, तेव्हा स्क्रीनवर नातू असतो, बायको मागे स्वयंपाकघरात कुठेतरी. अमेरिकेत तर पद्धतच पडलीय. पाहुण्यांच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, म्हणून पहिले सहा महिने तिची आई, पुढचे सहा महिने त्याची आई. बागबानच्या मुलांनी काय वेगळं केलं होतं? आमच्या धंद्यात याला रिसोर्स अलोकेशन म्हणतात. घरात त्याला ‘नातवंडांचं सुख’ म्हणतात.

“पण त्यांना आनंदच होतो की!” होतो. नातवंडाला मांडीवर घेतल्यावर कुणाला होणार नाही? पण दोघांना समोर बसवून कुणी विचारलंय का, की तुम्हाला एकमेकांशिवाय सहा महिने राहायचंय का? आपण आईला एकटीला फोन करतो. आई नाही म्हणणार नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

आपल्यावर ताण आहे, हे खोटं नाही. पाळणाघरं महाग आहेत, ऑफिसचे तास संपत नाहीत. पण २०१७च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने २६ आठवड्यांच्या रजेबरोबर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणंही बंधनकारक केलंय. ते कुठे आहे, असं एचआरला विचारायची आपली हिंमत होत नाही. मेल टाइप करतो आणि ड्राफ्टमध्ये ठेवतो. त्यापेक्षा आईचं तिकीट काढणं सोपं. कंपनीने द्यायची सोय आपण आपल्या आईच्या संसारातून वसूल करतो.

आणि ही वसुली बाळापासून सुरू झालेली नाही. आठवा, दहावीचं वर्ष आलं तेव्हा आतली खोली तुमची झाली आणि आई-बाबा हॉलमध्ये आले. मग बारावी, मग सीईटी. ते परत आत कधी गेले? तुम्ही हॉस्टेलला गेल्यावर तिथे तुमच्या पुस्तकांची खोकी होती. चाळिशी ते पन्नाशी, म्हणजे संसाराला जरा श्वास मिळायची वर्षं, त्यांनी सोफा-कम-बेडवर काढली.

म्हणून ‘बधाई हो’ पाहून डोळे पुसण्याआधी हिशेब करा. आई तुमच्याकडे असेल तर बाबांचंही तिकीट काढा आणि ते आल्यावर त्यांना दार लावता येईल अशी खोली द्या. त्यांना करमत नसेल तर आईला परत पाठवा आणि बाळाचं आपण बघा. ते दोघंच कुठे फिरायला निघाले तर “या वयात काय हे” म्हणून फॅमिली ग्रुपवर हसण्याची इमोजी टाकू नका. ‘आम्हाला चालेल हं’ असंही म्हणू नका. तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.