कार्डात भरलं म्हणजे जपलं, असं नव्हे

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानांचा धंदा बसत गेला. त्याआधी वाशीम जिल्ह्यात रिसोड असो की मानोरा, मोबाइलच्या दुकानात कार्ड टेकवलं की दहा-वीस रुपयांत मालक गाणी मारून द्यायचा. त्यात हिंदी सिनेमातली गाणी असायचीच. पण भीमगीतं, कीर्तनं आणि होळीला तांड्यावर रंगणाऱ्या बंजारा लेंगीही असायच्या. कुणीतरी साध्या फोनवर टेप केलेली लेंगी या कार्डातून त्या कार्डात फिरायची. यातली कितीतरी गाणी आज बंद पडलेल्या फोनांत, बॅटरीखालच्या खाचेत अडकून आहेत. बंजारांची गोरमाटी बोली पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच जगली. म्हातारा गायक गेला की मागे उरतं ते हे नखाएवढं कार्डच.

आणि कार्ड हे जपून ठेवायचं साधन नाही, ने-आण करायचं साधन आहे. वाशीम जिल्ह्यात घरोघरी याबाबत गैरसमज आहे आणि तो महागात पडतो.

कार्डातल्या फ्लॅश मेमरीत माहिती साठते ती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात हे तंत्र उभं केलं. हा भार कायमचा टिकत नाही. तो हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत जास्त वेगानं झिरपतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात पडलेलं लग्नाच्या फोटोंचं कार्ड पाच-सात वर्षांनी उघडेलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

कार्डाची जातही बघावी लागते. १९९४ चं काँपॅक्टफ्लॅश, सोनीची मेमरी स्टिक, ऑलिंपस-फुजीफिल्मचं एक्सडी ही कार्डं सापडली, तरी ती वाचणारा रीडर मिळणं मुश्कील. पॅनासोनिक, सँडिस्क आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये आणलेलं एसडी मात्र टिकलं. त्याचंच धाकटं भावंड मायक्रोएसडी, १५ बाय ११ मिलिमीटरचं. एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत जातं, एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत. व्हिडिओसाठी ‘व्ही३०’ अशी खूण पाहावी. असं कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं. सीसीटीव्हीत दिवसरात्र लिहिणं चालतं, तिथे ‘हाय एंड्युरन्स’ कार्डच हवं, नाहीतर नेमक्या चोरीच्या रात्री कार्ड बसलेलं असतं. आणि हातगाडीवर तीनशे रुपयांत मिळणारं ‘१ टीबी’चं कार्ड घेऊच नये. त्यातली चिप फोनला खोटी क्षमता सांगते. खरी जागा संपल्यावरही फोटो जतन झाल्याचं दिसतं, प्रत्यक्षात ते कुठेच नसतात.

कार्ड असं दगा देतं, यावरचा इलाज याच जिल्ह्यात शतकानुशतकं चालत आला आहे. दहाव्या शतकातल्या जैन कवी पुष्पदंताची ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ ही अपभ्रंश काव्यं १९३१ आणि १९३३ साली जिल्ह्यातल्या कारंजाहून छापून निघाली. इतकी शतकं ती तगली, ती कागद भक्कम होता म्हणून नव्हे. पोथीची नवी प्रत लिहून घ्यायची आणि मंदिराच्या भांडाराला द्यायची, याला जैन परंपरेत शास्त्रदान म्हणतात. प्रतींवर प्रती होत गेल्या, म्हणून ग्रंथ उरले.

कार्डाचंही तसंच करायला हवं. लग्नाचा फोटोग्राफर दोन स्लॉटचा कॅमेरा वापरत असेल, तर दोन्ही कार्डांत एकाच वेळी लिहिण्याची सोय त्यानं चालू ठेवावी. घरी आल्यावर एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या ठिकाणी. चुकून फोटो पुसले गेले, तर त्या कार्डावर काहीही नवं घेऊ नये. पुसताना बहुधा फाइलीची नोंदच जाते, आतला मजकूर जागेवर असतो आणि सॉफ्टवेअरनं परत मिळू शकतो.

घरापुरतं घर करील. तांड्यांच्या लेंगींसाठी मात्र सार्वजनिक खटपट हवी. रामनवमीला पोहरादेवीला बंजारा समाज लाखोंनी जमतो. तिथे एक टेबल, एक लॅपटॉप, दोन कार्ड रीडर आणि गोरमाटी जाणणारी चार कॉलेजची पोरं बसवायला जिल्हा प्रशासनाला फार खर्च नाही. लोकांनी जुनी कार्डं आणावीत, पोरांनी गाणी उतरवून घ्यावीत, गाणाऱ्याचं नाव, तांडा आणि साल लिहावं आणि कार्ड जागच्या जागी परत द्यावं. उतरवलेल्या गाण्यांची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात राहावी, दुसरी अमरावती विद्यापीठात.