साडीचोळी आणि सातबारा

मागच्या संक्रांतीला एका महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले होते. वाण लुटून झालं, तिळगूळ वाटून झाला आणि गप्पा नेहमीच्या वळणावर आल्या. ‘या स्त्रीमुक्तीच्या खुळानं घरं मोडली हो,’ एक काकू म्हणाल्या. ‘आता पोरी माहेरच्या शेतातही वाटा मागायला लागल्यात. भावाच्या ताटातलं ओढून घ्यायचं, ही कसली मुक्ती?’ बऱ्याच माना डोलल्या. एरवी या पानावर हिरिरीनं मतं मांडणारी मी, तिथे गप्प बसले. कारण मैत्रिणींनो, हक्कसोड पत्रावर मीही सही केलेली आहे.

२००७ साली वडील गेले. तेरावं झालं आणि आठ दिवसांत धाकट्या भावाचा फोन आला, ‘ताई, एकदा येऊन जा, कागदाचं काम उरकून टाकू.’ दुय्यम निबंधकांच्या कचेरीत फोटो, अंगठा, सही. अर्ध्या तासात मोकळी. बरं, कायदा माहीत नव्हता असंही नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मानं हक्क दिला होता, फक्त २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं ती अटही गेली. मी त्यावर लेखसुद्धा लिहिला होता! तरी सही केली. भावानं ती मागितली नव्हती, गृहीत धरली होती. भाऊबीज, आईला भेटायचं हक्काचं दार, सगळं त्या एका कागदाला बांधलेलं आहे असं मला वाटलं. निघताना भावजयीनं ओटी भरली, साडी दिली. साडी चांगली होती.

स्त्रीवादानं समाजाचं काय भलं झालं, यावर शहरात परिसंवाद होतात. आपल्याकडे हा वाद सातबाऱ्यावर होतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांकडे सुमारे १४ टक्के होती. खेड्यात काम करणाऱ्या चार बायकांतल्या तिघी मात्र शेतीत राबतात. खुरपणी, वेचणी, जनावरं सगळं करायचं, पण पीककर्ज मागायला गेलं की सातबारा कुणाच्या नावावर, हा पहिला प्रश्न. सरकारची मदत येते तीही ज्याचं नाव त्याच्या खात्यात. ‘बाई अर्थव्यवस्थेत कुठे आहे?’ असं विद्वान विचारतात. ती शेतात आहे हो, कागदावर नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ काढली. नवऱ्यांनी आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. गावंच्या गावं त्यात उतरली. तेव्हा संसार मोडतील अशी भीती फारशी कुणाला वाटली नाही. बहिणीचं नाव निघालं की मात्र लगेच वाटते.

लग्नात खर्च केला, म्हणतात. मांडव आणि जेवणावळी मुलीच्या नावावर होतात का? सोनं तेवढं तिचं, आणि सासरच्या अडचणीला पहिलं तेच गहाण पडतं. जमिनीचे तुकडे होतात, हेही ऐकते. चार भावांत चार तुकडे पडतात तेव्हा कुणी हळहळत नाही. शिवाय नाव लागलं म्हणजे बांध घालावाच लागतो असं नाही. भावानं कसावं, हिशेब आपसात ठरवावा.

‘आईबापाला भाऊ सांभाळतो’ हे मात्र मी झटकून टाकत नाही. माझी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. मी महिन्यातून एकदा जायची. पण सगळं केलं ते भावजयीनं. आईला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, रात्रीचं उठणं. सेवेचा मोबदला जमीन असेल तर तिचं नाव सातबाऱ्यावर हवं होतं. तिच्या नावे एक गुंठाही नाही. एका बाईनं माहेरचा हक्क सोडायचा, दुसरीनं तिथे राबायचं, आणि दोघींनी एकमेकींची ओटी भरायची!

सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं, की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. माझ्यासारख्या सह्या करून बसलेल्यांना त्याचा उपयोग नाही. नोंदवलेला कागद मोडणं सोपं नसतं.

गेल्या वर्षी भावजयीचे वडील गेले. महिना व्हायच्या आत तिचा फोन. ‘वन्सं, भाऊ सहीला बोलावतायत. तुम्ही सही केलीत तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आता माझी पाळी आलीय.’ मी म्हटलं, ‘आधी वारस नोंदीत तुझं नाव लागलंय का बघ. सोडायचाच असेल हक्क तर पुढे कधीही सोडता येईल, पण दुखवट्यात कागदाला हात लावू नकोस. आणि वाचल्याशिवाय तर नाहीच.’

ती गेली, आईला भेटली, जेवली आणि सही न करता परत आली. नाव लागलं. यंदा भाऊबीजेला तिचा धाकटा भाऊ आला. थोरला आला नाही.